गाय काय म्हणते

३ मार्च, सोमवार

धावण्याच्या कॅम्पमधला यातोर आज पुन्हा आला. तीच डावी मांडी, तीच जागा – खुब्याखालून सुरू होऊन गुडघ्याच्या वर वीतभर. टेबलावर पालथा पडला आणि म्हणाला, "काकू, आज जरा जोर लावा. मागच्या वेळी तुम्ही लाड केलेत." लाड! मागच्या वेळी मी कोपर घातलं होतं, आणि नंतर दोन दिवस चमचा उचलताना माझाच खांदा कुरकुरत होता.

तर आज पुन्हा कोपर. वर अंगाचं सगळं वजन. ते किती आहे ते मी इथंही लिहिणार नाही. पलीकडे मक्याची गिरणी चालू, टेबल थरथरतंय, आणि हा पठ्ठ्या ओंडक्यासारखा पडलेला. "दुखतंय का?" "नाही." "आता?" "नाही." "आता?" "काकू, तुम्ही सुरू केलंत का?"

बाहेर बाकावर नंबर लावून बसलेले दोघे खो खो हसले. आमच्याकडे हे कौतुकाचं. वयात येताना होणाऱ्या सुंतेच्या वेळी ज्या पोराची पापणी हलत नाही तो मर्द. हलली तर भेकड, आणि ते तो म्हातारा होईपर्यंत गाव विसरत नाही. असली पोरं माझ्या टेबलावर कशाला हलतील? मीही इतकी वर्षं हेच धरून चाललेय – हलला नाही म्हणजे सोसतंय, सोसतंय म्हणजे अजून दाबा. आमच्या इटेन गावातले सगळे मालिशवाले हेच करतात.

उठताना मात्र त्यानं भिंतीला हात लावला. मी पाहिलंच नाही असं दाखवलं. त्यानंही.

५ मार्च, बुधवार

गावाचे कोच म्हणजे माझा नवरा. मीही कोचच म्हणते, नाव घ्यायची सवयच राहिली नाही. आज जेवताना म्हणाले, "जेरुतोच्या आई, एल्डोरेटची शर्यत पुढच्या महिन्यात. यातोर धावला नाही तर कॅम्पमधली त्याची खाट दुसऱ्याला द्यायची, असं वरून आलंय. रांगेत दहा पोरं उभी आहेत."

मी म्हटलं, "त्याची मांडी दुखते."

"एक्सरेत काही नाही. डॉक्टर म्हणतो काही नाही. मग दुखतंय कुठे? डोक्यात. डोक्यात दुखतंय तर मांडी कशाला चोळत बसतेस? केस विंचर त्याचे."

यातोरच्या डोक्यावर केस नाहीत हे मी त्यांच्या निदर्शनास आणलं. मक्याच्या उगालीचा मोठा गोळा तोंडात असल्यामुळे उत्तर देता आलं नाही. ह्या घरात मी अशाच वेळा बघून जिंकते.

पण खाट गेली तर यातोर गावी जाऊन काय करणार? त्याला धावण्यापलीकडे काही येत नाही. चहासुद्धा धड करत नाही.

८ मार्च, शनिवार

आज भलतंच झालं. हसण्यासारखं काही नाही, पण लिहिते.

कोपर मांडीवर होतं. गिरणीच्या दारात मक्याचा ट्रक आला आणि त्यानं लांबलचक भोंगा वाजवला. यातोर एकदम गार पडला. श्वास नाही, हालचाल नाही. मला वाटलं, सुटला स्नायू! म्हणून अजून दाबलं. मी शहाणी! दोन क्षणांत त्याच्या पाठीवर घाम फुटला, असा की माझं कोपर घसरलं. मग उठून बसला आणि तेलाच्या बादलीत ओकला.

"मुर्सिक जास्त झालं सकाळी," म्हणाला.

मुर्सिक! आंबट दुधावर वाढलेलं पोर आहे हे. बाकावरच्या दोघांना मी घरी पाठवलं, त्याला गोड चहा दिला. त्याचे दात कपावर वाजत होते आणि आम्ही दोघंही ते ऐकू येत नसल्यासारखे बसलो.

नोव्हेंबरातलं सगळं मग डोळ्यापुढे आलं. त्या पहाटे धुकं होतं. पोरं जोडीजोडीनं धावत होती, यातोर कडेच्या बाजूला आणि त्याच्या डावीकडे किमोसोप. कोच मोटरसायकलवर मागे. समोरून भोंगा वाजवत लाकडाचा ट्रक आला, फळ्या बाहेर आलेल्या. किमोसोप गेला. यातोरला खरचटलंसुद्धा नाही. कोच किमोसोपला हातांवर घेऊन रस्त्यात उभे राहिले, गाडी मिळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी यातोर ठरल्या वेळी सरावाला हजर, आणि सगळा कॅम्प म्हणाला, याला म्हणतात छाती! मीही म्हटलं. मांडी दुखायला लागली ती त्यानंतर काही आठवड्यांनी.

किमोसोप माझ्या चपात्या चोरायचा. चार केल्या की तीन उरायच्या. मला त्याची फार आठवण येते.

९ मार्च, रविवार

एल्डोरेटला मालिशवाल्यांसाठी दोन दिवसांचा वर्ग आहे. 'वेदना आणि आघात.' मी जाणार नव्हते. आता जाते.

कोच म्हणाले, "दोन दिवस? चोळायला शिकायला? तिथे आधी तेलाची बाटली उघडायला शिकवतात वाटतं."

१४ मार्च, शुक्रवार

बाई शिकवणारी नाफुला नावाची, पश्चिमेकडची, उंच, माझ्या लेकीपेक्षा, जेरुतोपेक्षा, पाचसहा वर्षांनी मोठी असेल. दवाखान्यात फिजिओथेरपी करते. आम्ही अठराजण, सगळे आमच्याच डोंगरावरचे, निम्मे जुने धावपटू. अशा शिक्षकाची मला कीव येते.

सकाळी तिनं जोड्या लावल्या. दोघांनी एकमेकांचा दंड हळूहळू दाबत जायचं, आणि ज्याला नकोसं होईल त्यानं 'थांब' म्हणायचं. इतकंच. सोपं. तिनं घड्याळ लावलं.

कुणी थांब म्हणेना.

माझ्या जोडीला म्हातारा चेरुयोत. त्याची बोटं म्हणजे कुदळ. मी छताकडे बघत होते. तो दाबत होता, मीही. मी छतावरच्या पालीला नाव ठेवलं, तिचं लग्न लावलं. खोलीत चिडीचूप. नाफुला एकेका जोडीपाशी जाऊन बघतेय, चेहऱ्यावर चिंता. शेवटी तीच ओरडली, "थांबा! सगळे थांबा. अहो, कुणाला दुखत नाहीये का?"

अठराजण एका सुरात – "नाही."

तिनं कपाळाला हात लावला. मला गंमत वाटली. संध्याकाळी ब्लाउज काढताना दंड पाहिला, काळानिळा. तेव्हा जरा कमी वाटली.

१५ मार्च, शनिवार

आज सगळ्यांना बाह्या वर करायला लावल्या. अठरा दंड, सगळे वांग्याच्या रंगाचे. नाफुला हसली नाही. म्हणाली, "काल तुम्ही मला एक गोष्ट शिकवलीत. तुमच्याकडे निपचित पडलेला माणूस निवांत नसतो. मग तुम्हाला कळतं कसं?"

चेरुयोतनं खोकून घेतलं.

मग तिनं समजावलं. घरात एकदा चोर शिरला की कुत्रा नंतर मांजरावरही भुंकतो, म्हणाली. चोर गेलेला असतो, घरातलं सगळं जागेवर असतं, पण भुंकणं खरं असतं. एक्सरेत चोर दिसत नाही म्हणून कुत्रा गप्प आहे असं नाही. दुखणं म्हणजे दर वेळी काहीतरी फाटलं-तुटलं असं नव्हे. भ्यालेलं अंग पहारा सोडत नाही, आणि पहाऱ्यावरचा स्नायू दुखणारच. त्याला कोपरानं दाबलं तर? "कुत्र्याला गप्प करायला काठी मारून बघा," म्हणाली.

मी हात वर केला. मी भांडायलाच केला होता. म्हटलं, "बाई, माझा एक मुलगा स्वतःच म्हणतो जोरात दाबा." आणि मग नाव न घेता ट्रकचं, ओकण्याचं सगळं सांगून बसले. तिनं मध्ये तोंड घातलं नाही. मग म्हणाली, "ताई, त्या पहाटे त्याला काहीच करता आलं नव्हतं. हलताही आलं नाही, कुणाला थांबवताही आलं नाही. तुमच्या टेबलावरही त्याला तेच करावं लागतंय."

मला चहा कडू लागला. साखर होती त्यात, तरी.

तिनं आणखी सांगितलं ते – हात ठेवण्याआधी विचारा. थांबवणं त्याच्या हातात द्या. श्वास बघा, पायाची बोटं बघा, जबडा बघा. गोष्ट उकरू नका, तो सांगेल तेवढी ऐका. आणि आपण मालिशवाले आहोत, मनाचे डॉक्टर नाही. त्यांच्याकडे पाठवायला लाजू नका. सगळं पटलं. फक्त एक अडचण. जो माणूस मेला तरी थांब म्हणणार नाही, त्याच्या हातात थांबवणं द्यायचं कसं? ते तिला विचारलं. म्हणाली, "ते तुमच्या लोकांचं तुम्हीच शोधा. मी काल हरले."

येताना बसमध्ये चेरुयोत म्हणाला, "पोरगी बरी आहे." त्यानं आयुष्यात कुणाबद्दल इतकं चांगलं बोललेलं मी ऐकलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

यातोर आला. मी सांगितलं, आज कोपर नाही. त्याचा चेहरा पडला. खाऊ नाही म्हटलेल्या पोराचा पडतो तसा.

आधी म्हटलं, नको वाटलं तर हात वर कर. हात वर झाला नाही. मग म्हटलं, दहापैकी आकडा सांग, शून्य म्हणजे काही नाही. "दोन," म्हणाला. हलकं केलं. "दोन." हात उचललाच. "दोन." मी म्हटलं, "अरे, माझा हात तुझ्या अंगावर नाहीये." म्हणाला, "मग दीड."

मी वैतागून स्टुलावर बसले. खिडकीतून गिरणीवाल्याची गाय दिसत होती, कुंपणाला अंग घासत. तोंडातून असंच निघून गेलं, "समज, ही मांडी तुझ्या गाईची आहे. मी इथे हात ठेवला. गाय काय म्हणते?"

तो लगेच म्हणाला, "गाय कान मागे टाकेल."

मी जागची हलले नाही. अगदी हळू अंगठा सरकवला. "आता?"

"आता शेपूट मारेल."

"आणि इथे?"

"इथे नको, काकू. इथे लाथ मारेल."

मी हात काढला. ज्या जागेवर मी गेले कित्येक आठवडे कोपरानं चढून बसत होते, ती ही जागा! गाईबद्दल खोटं बोलायचं आमच्यात कुणाला सुचत नाही. स्वतःबद्दल सकाळ-संध्याकाळ बोलतील.

मग गाय शांत होईल तिथंच तळहात ठेवून बसले. दाबलं नाही. बऱ्याच वेळानं त्याच्या पायाची बोटं सुटली. मी कधी पाहिलीच नव्हती ती बोटं. सारखी आवळलेली असायची. तो चक्क घोरला.

२४ मार्च, सोमवार

बातमी कॅम्पभर झाली, होणारच. बाकावर बसणारे कान घरी ठेवून येतात थोडेच! आता यातोर सरावाला निघाला की पोरं हंबरतात. एकानं त्याच्या खाटेवर गवताची पेंढी ठेवली. यातोरनं ती खरंच गिरणीवाल्याच्या गाईला नेऊन दिली.

आणि काल तो आडदांड सिगेई, दोन शर्यती जिंकलेला, टेबलावर पडल्या पडल्या हळूच म्हणाला, "काकू, माझी गाय नाही, पण एक शेळी आहे. तिची पाठ…" मी हसू कुठे लपवावं? तेलाची बाटली शोधायला टेबलाखाली गेले.

कोचना मात्र हे काही आवडलेलं नाही. "ती गाय दूध किती देते?" झालं, "तिला एल्डोरेटला न्यायला ट्रक सांगू का?" झालं. आज थट्टा संपली आणि खरं बाहेर आलं. "पोरं मऊ करतेयस तू. तिथे पस्तिसाव्या किलोमीटरला गाय विचारायला कोण येणार आहे?"

मी म्हटलं, "तुम्ही विचारा."

ताट सारून उठले. अर्धी भाजी तशीच.

२ एप्रिल, बुधवार

पाऊस सुरू झालाय, रस्ता नुसता लाल चिखल. यातोर आता लांब पल्ल्याचं धावतो. दुखतं, पण आधीसारखं नाही, आणि कुठे, कधी ते सांगतो. गाय हल्ली फक्त कान हलवते.

आज मी काही विचारलं नव्हतं. पालथा पडूनच म्हणाला, "तो डावीकडे असायचा. त्याच्या श्वासावर मी माझा वेग धरायचो. आता त्या बाजूला काहीच नसतं. धावताना सगळी डावी बाजू कान देऊन असते."

मी नाफुलाचं ऐकलं. गोष्ट उकरली नाही, शहाणपण शिकवलं नाही. विचारलं, "हात राहू दे, की काढू?" म्हणाला, "राहू दे." मग रडला. चेहरा टेबलाच्या तोंडापुरत्या भोकात होता म्हणून रडू शकला असं मला वाटतं. मीही रडले. मला भोक नव्हतं. गिरणी चालू होती ते बरं झालं.

जाताना म्हटलं, मिशनच्या दवाखान्यात एक सिस्टर आहे, अशाच गोष्टी ऐकते, तेच तिचं काम. मी शुक्रवारी रक्तदाब दाखवायला जातेय, सोबत चल. म्हणाला, "तुम्हाला सोबत म्हणून येतो." माझा रक्तदाब उत्तम आहे.

संध्याकाळी कोचना सांगितलं, सरावाला यातोरच्या डावीकडे कुणाला तरी लावा, रिकामी बाजू त्याला छळते. त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. रेडिओवर जनावरांच्या लसीची माहिती चालू होती. आमच्याकडे जनावर नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

सिस्टरकडे गेलो. तो आत, मी बाहेर. बाहेर आला तेव्हा फक्त म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी तुमचा रक्तदाब परत दाखवायचा आहे."

१२ एप्रिल, शनिवार

उद्या शर्यत. कोच दिवसभर करवादलेले. मोजे सापडेनात, शिट्टी सापडेना, सगळा दोष माझा. शिट्टी गळ्यातच होती. मी सांगितलं नाही, थोडा वेळ शोधू दिलं.

मग दारात उभे राहून म्हणाले, "उद्या थांबला तर मी काही विचारणार नाही. खाट उचलीन." मी म्हटलं, "बरं." आणखी काय म्हणणार? हा माणूस वाईट नाही. ज्या पोराला घरून बूट मिळाले नाहीत त्याला ह्यानं स्वतःचे दिलेत. पण दुखण्याचं नाव काढलं की ह्याचं तोंड फिरतं, आणि नोव्हेंबरपासून जास्तच.

मला भीती वाटतेय. यातोरसाठी.

१३ एप्रिल, रविवार

यातोर तेविसावा आला. म्हणजे कुठेच नाही. पण पोहोचला.

मी शेवटच्या रेषेपाशी होते, मधलं काही पाहिलं नाही. कोचच्या पिकअपचा ड्रायव्हर आणि यातोर, दोघांनी सांगितलं ते जुळतं. चढ संपतो तिथे पोलिसांनी एक ट्रक अडवून धरला होता, आणि ट्रकवाला वैतागून भोंगा वाजवत बसला होता. यातोर तेव्हा पहिल्या सहांत होता. भोंगा वाजला आणि तो जागच्या जागी उभा राहिला. मांडी धरून. मागून पिकअपमध्ये कोच. खिडकीतून ओरडले, "धाव!" यातोर वळला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, पोरं, भाड्याच्या मोटरसायकलींचे बोडा-बोडावाले, सगळे ऐकताहेत. आणि तो मोठ्यानं म्हणाला, "कोच, दुखतंय."

आमच्या माणसानं! भर रस्त्यात!

कुणीतरी हसलं म्हणे. यातोर म्हणतो, मला ऐकू आलं, पण लाज वाटली नाही. त्यानं स्वतःचाच तळहात मांडीवर ठेवला, श्वास सोडला, पुढच्या झाडापर्यंत चालत गेला आणि मग धावायला लागला.

आणि कोच? ड्रायव्हर म्हणाला, ते खाली उतरले आणि नुसते उभे राहिले. तो पोरगा दिसेनासा झाला तरी उभे. गाडीत बसा म्हटलं तर मान हलवली. उरलेला सगळा रस्ता पायी आले. शर्यत संपून मंडप उतरवत होते तेव्हा पोहोचले, बूट चिखलात माखलेले.

मी विचारलं, "खाटेचं काय?"

"खाट त्याचीच आहे," म्हणाले. "कुणी काही बोलायला आलं तर माझ्याकडे पाठव."

घरी येईपर्यंत दुसरा शब्द नाही. मीही एकही टोमणा मारला नाही, ह्याची कुठेतरी नोंद असावी म्हणून लिहिते.

१४ एप्रिल, सोमवार

गिरणी बंद होती. कोच खोलीत आले, टोपी काढली, बूट काढले आणि टेबलावर उताणे पडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या टेबलावर पहिल्यांदा. मी विचारलं, "कुठे?"

"हात," म्हणाले. "दोन्ही. किमोसोपला उचललं तेव्हापासून."

मी विचारलं, "हात लावू का?" त्यांनी बाह्या वर सारल्या. मग म्हणाले, "लाव. पण हळू."